उजेडात उभी राहून बोल

आई,

नाना गेले. त्यालाही आता सहा महिने होत आले. तुला हे सांगायला एवढे दिवस लावले, कारण मनात कुठंतरी असं होतं की ते तुझ्याकडेच गेले असणार आणि सगळं त्यांनीच तुला सांगितलं असणार, माझ्या तक्रारींसकट. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही हे तुला माहीत आहे. तरी वाटतं. आज जेलरोडचं घर आवरायला आले आहे. पुढच्या महिन्यात भाडेकरू येणार आहेत, नवरा-बायको आणि एक तान्हं बाळ. कपाटं रिकामी झाली, भांडी खोक्यांत गेली, आणि आता गॅलरीत पाट टाकून, मांडीवर उशी घेऊन हे लिहिते आहे. खाली भंगारवाला ओरडत चालला आहे. नाना असते तर त्यांना तो ऐकू आला नसता, आणि तू स्वयंपाकघरातून येऊन त्यांच्यासमोर नुसते ओठ हलवून सांगितलं असतंस, भंगारवाला आलाय, तुमची ती मोडकी खुर्ची द्यायची का? आणि ते म्हणाले असते, नाही, ती दुरुस्त होईल. ती खुर्ची अजून इथंच आहे. दुरुस्त झालेली नाही.

एकलहऱ्याचं क्वार्टर आठवलं की मला आधी राख आठवते. वीज केंद्राच्या चिमणीतून उडालेली बारीक करडी राख सगळ्या वसाहतीवर बसायची, खिडकीच्या गजांवर, तुळशीच्या पानांवर, नानांच्या सायकलच्या सीटवर. कपडे वाळत घालण्याआधी तू ओल्या फडक्याने दोरी पुसून घ्यायचीस आणि ते फडकं काळं झालेलं नानांना दाखवायचीस. "तुमचं पावर हाऊस आपल्या घरी पण ड्यूटीला येतं," म्हणायचीस. तेव्हा त्यांना ऐकू येत होतं. ते हसायचे आणि डबा घेऊन पाळीवर जायचे. टर्बाइनच्या मजल्यावर त्यांचं काम. तिथं दोन माणसं शेजारी उभी असली तरी एकमेकांच्या कानाला तोंड लावून बोलावं लागतं, असं ते सांगायचे. कानात कापसाचे बोळे घालून जायचे आणि घरी आले की ते बोळे काढायला विसरायचे. तू मागून येऊन काढायचीस. मी लहान होते, मला वाटायचं सगळ्यांच्या वडलांच्या कानात कापूस असतो.

तू नामपूरहून लग्न होऊन तिथं आलीस तेव्हाची गोष्ट तू मला एकदाच सांगितलीस, तीही भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता. वसाहतीतल्या दुकानात तू म्हणालीस, "माले पावशेर साखर द्या," आणि शेजारी उभ्या असलेल्या बायका हसल्या. वाईट नव्हत्या त्या, पुढं त्याच तुझ्या मैत्रिणी झाल्या. पण त्या दिवशी तू ठरवलंस की आपल्या पोटच्या पोरीला कुणी असं हसायचं नाही. म्हणून माझ्याशी तू कधी अहिराणी बोलली नाहीस. माझ्याशी 'मला' आणि 'तुला', 'आहे' आणि 'नाही'. मामा आला की मात्र तुझी जीभ सुटायची. दारातूनच "काय व्हयनं रे, एवढा वाळी गया?" सुरू व्हायचं आणि तुझा आवाज वेगळाच व्हायचा, मोठा, मोकळा, हसरा. मी दाराआडून ऐकायचे. मला कळायचं सगळं, पण बोलता यायचं नाही. आणि कळायचं ते कानांनी, ओठ बघून नव्हे. हा फरक मोठा होता हे मला फार पुढं समजलं.

नानांचे कान एकदम गेले नाहीत. आधी कुकरची शिट्टी गेली, मग दारावरची कडी, मग तू स्वयंपाकघरातून मारलेली हाक. आपल्याला वाटलं, दमतात, लक्ष नसतं. मी नववीत होते, काहीतरी सही हवी होती. दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा ओरडले. त्यांनी वर बघितलं, पण गोंधळलेल्या नजरेनं. तू हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आलीस. मला वाटलं, आता मारशील. तू माझ्या दंडाला धरलंस, पिठाची बोटं उमटली फ्रॉकवर, आणि मला खिडकीपाशी नेऊन उभं केलंस.

"ओरडायचं नाही," तू म्हणालीस. "ओरडलं की तोंड वेडंवाकडं होतं. मग त्यांना काय कळणार? इथं उजेडात उभी राहा. त्यांच्यासमोर. आणि सावकाश बोल."

मी बोलले. नानांनी माझ्या तोंडाकडे एकटक बघितलं आणि पेन घेऊन सही केली. मला फार लाज वाटली, आणि थोडी भीतीही, कारण तेव्हा पहिल्यांदा कळलं की हे घरात बरेच दिवस चाललेलं आहे आणि तुम्ही दोघांनी त्याची काहीतरी व्यवस्था लावून टाकली आहे, मला न सांगता.

ती व्यवस्था कशी लावलीत, कुणी शिकवलं, हे मी कधी विचारलं नाही. आज विचारावंसं वाटतं. तू त्यांच्याशी बोलताना आवाज काढणंच सोडून दिलंस. काय उपयोग, म्हणालीस. नुसते ओठ, भुवया, कधी दोन बोटं. आणि ते सगळं अहिराणीत. नाना पण तिकडचेच, बागलाणातले. त्यांनी लहानपणी जी भाषा आईच्या तोंडावर पाहिली तीच त्यांना तुझ्या तोंडावर वाचता यायची. माझं शाळेतलं मराठी त्यांना अडखळत कळायचं. तुझं एका नजरेत. जी भाषा तू माझ्यासाठी बंद करून ठेवली होतीस ती त्यांच्यासाठी परत काढलीस, पण आवाज न करता. आपल्या घरात तुम्ही दोघं तासन् तास गप्पा मारायचात आणि मला पंख्याचा आवाज तेवढा ऐकू यायचा.

नानांचा निरोप समारंभ आठवतो? मोठ्या हॉलमध्ये ते स्टेजवर बसलेले, गळ्यात हार, आणि तू पहिल्या रांगेत, बायकांमध्ये, नवी साडी नेसून. साहेब बोलायला उभे राहिले. नाना त्यांच्याकडे बघतच नव्हते. तुझ्याकडे बघत होते. तू पदर हनुवटीपाशी धरून साहेबांचं एकेक वाक्य त्यांना सांगत होतीस. शेजारच्या काकूंना वाटलं तू जप करते आहेस. आणि मधेच, साहेब कामावरच्या निष्ठेबद्दल फार गंभीरपणे काही सांगत असताना, नाना खदखदून हसले. साहेबांनी कागद खाली केला. नंतर घरी आल्यावर मी विचारलं तेव्हा नाना म्हणाले, "मी काय करू? तुझी आई म्हणाली, हा माणूस बोलतोय तोवर जेवणातल्या जिलब्या संपतील." तू तोंडावर पदर घेऊन आत पळालीस. तुझं ते हसणं मोठ्यानं होतं. तेव्हा होतं.

मग जेलरोडचं घर घेतलंत, आणि त्याच वर्षी मला शाळेत नोकरी लागली, म्हणून माझी लेक दिवसभर तुमच्याकडे राहू लागली. बोलायला लागायच्या वयात तिला दोन माणसं मिळाली, एक ऐकू न येणारं आणि एक आवाज न काढता बोलणारं. तू तिच्याशी खेळ खेळायचीस. समोर बसवून नुसते ओठ हलवायचे, तिनं ओळखायचं. पोळी. पाणी. कावळा. ओळखलं की गूळ. मी संध्याकाळी न्यायला यायचे तर तिघं जमिनीवर बसलेले, घरात शांतता, आणि तिघांचे खांदे हसून हसून हलताहेत. मी म्हणायचे, "तिला नीट बोलायला शिकव, शाळेत अडखळेल." तू म्हणायचीस, "बोलते की. तुझ्यापेक्षा जास्त बोलते." खरंच बोलायची. नानांना तिचे ओठ माझ्या ओठांपेक्षा सहज वाचता यायचे. तिला तू अहिराणीही दिलीस, हे मला फार उशिरा कळलं. मला दिली नाहीस ती तिला दिलीस. त्याचा मला राग नाही. पण मला ती हवी होती, आई.

पुढं लेक मोठी झाली, आणि तुझा आवाज बसायला लागला तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. "नवरा ठार बहिरा. जन्मभर ओरडून ओरडून घसा गेला बिचारीचा," असं खालच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, गल्लीतल्या डॉक्टरांनीही तेच म्हटलं आणि बोलणं कमी करा, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा, असं सांगितलं. तू ज्येष्ठमधाची काडी गालात धरून फिरायला लागलीस. "यांच्यापायी झालं," म्हणून नानांकडे बघून हसायचीस. सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. आणि आज मी इथं बसून विचार करते की आपल्या घरात नानांशी ओरडून कोण बोलत होतं? तू तर त्यांच्याशी इतकी वर्षं आवाजच काढला नव्हतास. तुझा घसा ओरडून बसणं शक्यच नव्हतं. हे गल्लीतल्या डॉक्टरांना माहीत नव्हतं, वहिनींना माहीत नव्हतं, पण तुला माहीत होतं, मला माहीत होतं. तरी कसं सगळ्यांनी मान्य केलं? सोपं होतं म्हणून असेल. कारण समोर तयार होतं, नानांच्या रूपानं, आणि त्यांना काही ऐकू येत नव्हतं.

पावसाळा संपून गेला. एका रविवारी सकाळी नाना माझ्या दारात. पंचवटीपर्यंत एकटे आले होते, बस बदलून, आणि तुझ्याशिवाय ते कोपऱ्यावरच्या दुकानातही जात नसत. मी घाबरले. त्यांना खिडकीपाशी बसवलं, समोर उभी राहिले आणि विचारलं, "काय झालं?"

"तुझी आई घास गिळताना मान वळवते," ते म्हणाले. मोठ्यानं, त्यांचं बोलणं सगळं मोठ्यानंच.

"मान आखडली असेल, नाना."

"नाही. आधी वळवत नव्हती. आता प्रत्येक घासाला वळवते, डावीकडं. आणि भाकरी दुधात कुस्करून घेते. मला म्हणते दात दुखतो. दात दुखणारा माणूस तसं चावत नाही." मग म्हणाले, "मी तिच्या तोंडाकडं दिवसभर बघतो. मला दुसरं काम काय आहे?"

त्याच आठवड्यात तुला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. नाकातून नळी घालून बघितलं, तुकडा तपासायला पाठवला. पुढचं तुला माहीत आहे. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. उशीर झाला आहे म्हणाले, पण ऑपरेशन करता येईल, स्वरयंत्र काढावं लागेल, श्वास मानेतल्या छिद्रातून, आवाज जाईल. नाना तुझ्या चेहऱ्याकडे बघत बसले होते. तू त्यांना ओठांनी सगळं सांगितलंस, काही न गाळता. तेव्हा नानांनी त्या खोलीत, बाहेरच्या रांगेतल्या माणसांनाही ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "माझ्याशी बोलून बोलून झालं का हो हे?"

डॉक्टर नाही म्हणाले. मी नाही म्हणाले. त्यांनी आमच्याकडे बघितलंच नाही. तू त्यांच्याकडे वळलीस, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवलास आणि ओठ हलवलेस. काय म्हणालीस ते मला दिसलं नाही, तुझी माझ्याकडे पाठ होती. पण घरी गेल्यावरही ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले आणि तू पुन्हा पुन्हा नाही सांगत राहिलीस.

मी रडत होते तेव्हा तू मला तुझ्या त्या खरखरीत आवाजात म्हणालीस, "आवाज गेला तर जाऊ दे बाई. ज्यांच्याशी बोलायचं त्यांना कुठं तो ऐकू येतो?" तुला वाटलं मला हसू येईल. मला ऐकू येत होता, आई. मला येत होता. हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तू मामाशी फोनवर खूप वेळ बोललीस, नामपूरच्या घराबद्दल, विहिरीबद्दल, कोण कुणाशी भांडलं त्याबद्दल. मी रक्ताच्या बाटलीसाठी रक्तपेढीत गेले होते, तुझ्या जावयांनी सांगितलं नंतर. सकाळी तुला आत नेताना तू मला म्हणालीस, "स्टीलचा डबा घरी ने, इथं हरवेल." तुझ्या आवाजातलं तेच शेवटचं वाक्य माझ्या वाट्याला आलं. डबा मी घरी नेला. कुणाच्याही फोनमध्ये तुझा आवाज नाही. फोटो आहेत, बक्कळ आहेत. तेव्हा वाटलंच नाही कुणाला.

आणि मग ते दिवस आले ज्यांच्याबद्दल मला खरं तर हे सगळं लिहायचं होतं. आम्ही सगळे तुझ्यासमोर मुके होऊन उभे होतो. पाटी आणली, तू तिच्यावर 'मीठ कमी', 'पंखा बंद', 'रडू नको' असं लिहायचीस, चौथीपर्यंतच्या तुझ्या गोल अक्षरात, आणि कंटाळून बाजूला टाकायचीस. डॉक्टरांनी गळ्याला लावायचं यंत्र दिलं. त्यातून यंत्राचाच आवाज यायचा. तू एकदा लावलंस, नात दचकली, तू ते कपाटात टाकलंस ते टाकलंसच. पण नाना मात्र तुझ्या खाटेशेजारी स्टूल ओढून बसले होते आणि त्यांच्या दृष्टीनं काहीच बदललेलं नव्हतं. तू बोलत होतीस, त्यांना कळत होतं. पहिल्याच दिवशी, नळ्या लावलेल्या असताना, तुझे ओठ हलले आणि नाना आमच्याकडे वळून म्हणाले, "ती म्हणते, सगळे असे उभे काय, कुणीतरी जेवून घ्या."

इतकी वर्षं तू त्यांचे कान होतीस. आता ते तुझा आवाज झाले. फोनची गंमत आठवते? मी फोन करायचे. फोन तुझ्या कानाला. तू ऐकायचीस, नानांना ओठांनी सांगायचीस, तुझं उत्तरही ओठांनीच, आणि मग नाना फोन हिसकावल्यासारखा तोंडाशी धरून ओरडायचे, "ती विचारते जेवलीस का! मी पण विचारतो!" मग फोन परत तुझ्या कानाला. पाच मिनिटांच्या बोलण्याला अर्धा तास लागायचा आणि माझी मधली सुट्टी संपून जायची. कधी मला मागून खुसुखुसु ऐकू यायचं, नानांचं हसणं, आणि मग ते सांगायचे, "ती अजून काहीतरी म्हणाली, पण ते तुझ्यासाठी नाही." भाजीवालीशी तू घासाघीस करायचीस आणि नाना शब्दशः सांगायचे, "ती म्हणते मेथी कालची आहे. ती म्हणते तुझी सासू बरी होती, ती ताजी द्यायची." भाजीवाली पोट धरून हसायची. तुला वासही येईनासा झाला होता, नाकातून श्वासच जात नव्हता. हे तू आम्हाला कुणाला सांगितलं नाहीस. मी एकदा अचानक आले तर तू कढी-फुणके करत होतीस आणि नाना ओट्याजवळ उभे राहून कढईवर वाकून वास घेत होते. "झाली फोडणी," म्हणाले. तू गॅस बंद केलास. मी दारातच चपला घालून पुन्हा दोन मिनिटं जिन्यात उभी राहिले.

दोन वर्षं मिळाली अशी. माझी लेक कॉलेजच्या सुट्टीत यायची तेव्हा तुम्ही तिघं पुन्हा जमिनीवर, पुन्हा ती शांतता. मी चहा घेऊन आत यायचे आणि तिला विचारायचे, "काय म्हणते आजी?" तिनं सांगायचं, मी ऐकायचं. स्वतःच्या आईचं बोलणं मला माझ्या लेकीकडून किंवा वडलांकडून कळायचं. मी प्रयत्न केला नाही असं नाही. तू माझ्यासाठी मुद्दाम माझं मराठी बोलायचीस, सावकाश, उजेडात बसून. थोडं कळायचं. पण दमलीस की तू तुझ्या भाषेत जायचीस, आणि तिथं मला येता येत नव्हतं.

तू गेल्यावर नाना आठ वर्षं राहिले. माझ्याकडे आणलं. सुरुवातीला महिनाभर ते कुणाच्याच तोंडाकडे बघत नसत. जेवताना ताटाकडे, मग भिंतीकडे. एक दिवस मी त्यांच्या खुर्चीसमोर खिडकीपाशी जाऊन उभी राहिले आणि अहिराणीत बोलायचा प्रयत्न केला. "नाना, भूक लागनी का?" त्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हसले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "तुझे ओठ शाळेतले आहेत," म्हणाले. "पुस्तक उघडल्यासारखं वाटतं. तुझी आई असती तर लोळून हसली असती." पण त्या दिवसापासून ते माझ्याकडे बघायला लागले. रोज थोडं थोडं. शेवटी शेवटी आमचं बरंच जमायचं. तुमच्यासारखं नाही. आणि ते मला अधूनमधून एकच विचारायचे, "शेवटच्या दिवशी जावई मला चहाला खाली घेऊन गेले होते. तेवढ्यात ती काही म्हणाली का?"

मी सांगायचे, "नाही नाना. झोपली होती."

तू झोपली नव्हतीस. दुपार होती, वॉर्डमध्ये पडदे ओढलेले. सलाइननं हात सुजलेला, त्यामुळे पाटीचा प्रश्नच नव्हता. नाना नुकतेच दाराबाहेर गेले होते, आणि तू डोळे उघडून मला बघितलंस आणि ओठ हलवलेस. लांब वाक्य होतं. मी वाकले, म्हटलं, "काय आई?" तू पुन्हा म्हणालीस, सावकाश. अहिराणीत होतं, एवढं कळलं. मी म्हटलं नानांना बोलावते, तर तू मान हलवलीस, नको. माझा हात धरलास आणि तिसऱ्यांदा म्हणालीस. तुला श्वास पुरत नव्हता. मानेवरचं फडकं वर-खाली होत होतं. तुला आणखी एकदा बोलायला लावणं मला बघवेना, म्हणून मी जोरजोरात मान हलवली आणि म्हटलं, "हो आई. हो. कळलं." तुझा चेहरा एकदम सैल झाला. तू माझ्या हातावर दोनदा थोपटलंस आणि डोळे मिटलेस. नाना वर आले तेव्हा तू बेशुद्ध होतीस.

पहिले काही आठवडे तुझ्या ओठांची ती हालचाल माझ्या डोळ्यांसमोर जशीच्या तशी होती. नानांसमोर उजेडात उभी राहून मी ती करून दाखवली असती, तर त्यांनी क्षणात सांगितलं असतं. पण तू त्यांना बोलावू नको म्हणाली होतीस. आणि मी त्यांना झोपली होती असं सांगून बसले होते. लेकीलाही विचारता आलं असतं, पण न कळताच हो म्हटलं हे तिला सांगायला जीभ रेटली नाही. मग हळूहळू ती हालचाल पुसट झाली. आता नानाही नाहीत.

कशाला हो म्हणाले ते माहीत नव्हतं, म्हणून तू जे जे सांगितलं असतंस असं वाटलं ते सगळं करत राहिले. नानांना एक दिवसही दुसऱ्या कुणावर टाकलं नाही. मामाकडे दर भाऊबिजेला जाते, त्याच्या तोंडचं ते मोठं, मोकळं बोलणं ऐकून येते. लेकीच्या लग्नाची घाई केली नाही, तिनं तिच्या मनानं केलं. सगळे म्हणतात मी आईचा शब्द राखला. मामा तर चारचौघांत म्हणतो. मी मान खाली घालते, लोकांना ती नम्रता वाटते.

ऊन सरकलं. आता उठून पाट आत ठेवते. हा कागद कुठं टाकायचा नाही, खोक्यातही नाही, माझ्या पर्समध्येच राहील. एवढंच सांगायचं होतं की तू ज्याला हो समजून डोळे मिटलेस, ते मी नुसतंच म्हटलं होतं. मला कळलं नव्हतं, आई.